वाकडा आठ

बाबांची जुनी गाडी विकायची ठरली, तेव्हा घेणाऱ्याने एकच अट घातली: इंजिन मूळचंच हवं. म्हणून गॅरेजवाले सलीमभाई बॉनेटखाली वाकले. इंजिनावर ठोकलेल्या नंबरावर त्यांनी पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासायला लागले. काळ्या रंगातून पांढरे आकडे एकेक करून वर येत होते. प्रत्येक आकडा मी श्वास रोखून हातातल्या आरसी बुकाशी ताडून पाहत होते.

सगळे जुळले. सलीमभाई मात्र कागद उन्हात धरून उभेच राहिले.

"ताई, कारखान्यातले आकडे एका ओळीत असतात. हा आठ बघा, कलंडलाय. आणि याच्याखाली अजून एक नंबर आहे, कानशीने घासलेला."

खरंच होता. फिकट, अर्धवट, वाचता न येणारा. लोखंडावरून एखादी गोष्ट घासून काढली तरी ती पुरती जात नाही म्हणायची. मग माणसाचं काय? बाबांचं आयुष्य मला तोंडपाठ आहे, असंच मी धरून चालले होते: नोकरी, बदल्या, ही गाडी. हे इंजिन कुणाच्या गाडीतलं? तो माणूस अजून शोधत असेल का?

बाबा गॅरेजच्या दाराशी खुर्चीत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्या आठावरून हळूच अंगठा फिरवला.

"हातोडी निसटली होती," ते म्हणाले.