मामा भडकतो तिथे मासा

आमच्या मामाचा राग ऐकायचा असेल तर दुकान उघडायच्या वेळी यावं. शटर कुरकुरत वर जातं, तो शटरवर ओरडतो. गांडुळांच्या फ्रीजचं झाकण नीट बसत नाही, तो झाकणावर ओरडतो. मग फळा बाहेर आणतो, लिहिता लिहिता खडू मोडतो आणि खडू बनवणाऱ्याच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करतो. एवढं झालं की घसा मोकळा होतो आणि गिऱ्हाइकं यायला लागतात.

दुकान तळ्याच्या काठावर, धक्क्याला लागून. गळ, रिळं, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकचे खोटे मासे, भाड्याच्या होड्या. फळ्यावर मामा रोज तळ्याची तब्येत लिहितो. पाणी किती गार, किती गढूळ, वारा कुठून, काय कुठे लागतंय. सुट्टीच्या दिवशी शहरातून हौशी मंडळी येतात, ती गाडीतून उतरली की आधी फळा वाचतात, कारण मामा फळ्यावर खोटं लिहीत नाही. 'आज काही मिळणार नाही, घरी जाऊन झोपा' असंही त्याने लिहिलेलं आहे. मामी कपाळाला हात लावून बसली होती त्या दिवशी.

वसंत सरत आला की फळा साधारण असा असतो: 'ओढा: वरून अजून गार पाणी येतंय, पण गाळ बसला. मोठ्या दगडांच्या मागे टाका, मधल्या धारेत दोरी धुऊ नका. तळं: सकाळी मासा खाली. ऊन चढलं की काठाला. संध्याकाळी पाण्यावर किडे उतरतात, तेव्हा वरच्या वर खेळवा. बांधाजवळ खोल पाणी: सुस्त.'

आणि ओढा तळ्याला जिथे मिळतो त्या उथळ जागेबद्दल एक अक्षर नाही. त्या जागेला सगळे ओढ्याचं तोंड म्हणतात. मामाचं म्हणणं, न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे.

तिथलं पाणी सगळ्यात आधी कोमट होतं, म्हणून तिथे पट्टेवाला येतो. म्हणजे मासा. अंगावर काळा पट्टा आणि स्वभाव दारावर बसलेल्या शिपायाचा, त्यामुळे नाव चपखल बसलंय. यातला बाप शेपटीने गाळ झाडून ताटाएवढा खळगा करतो, आई त्यात अंडी घालते आणि जी जाते ती परत फिरकत नाही. बाप राखण करतो. जेवण बंद. जवळ काहीही आलं, खेकडा, काडी, गळ, की तो चावतो. भूक लागून नाही, डोकं फिरून. म्हणून या दिवसांत शेंबडं पोरसुद्धा त्याला पकडतं.

"आणि सोडतात म्हणे," मामा म्हणतो. हे वाक्य तो नाकातून म्हणतो, 'सोडतात'मधला 'ड' दातांखाली चावून. "दारातल्या माणसाला ओढून न्यायचं, मिठी मारून फोटो काढायचा, तोवर घर लुटू द्यायचं आणि मग म्हणायचं, जा बाबा, तू मोकळा."

लुटणारे असतात टपलेले. खळग्याच्या बाजूने बारक्या माशांची चंदेरी चिल्लर घिरट्या घालत असते. बाप हलला की फोटोसाठी कुणी हसेपर्यंत अंडी साफ.

गेल्या वसंतात ओढ्याने एवढा गाळ आणला की सगळे खळगे गाडले गेले. तळ्यात लहान पट्टेवाला म्हणून दिसेना. या वर्षीची पोरं जगली तर तळं तळं राहणार, नाहीतर नुसता भरलेला हौद. मामाच्या नाकावरचा राग यंदा खाली उतरतच नव्हता तो त्यामुळे.

त्यात आले मास्तर. निवृत्त ड्रायव्हिंग-मास्तर. जन्मभर घाबरट माणसांना गाडी शिकवून त्यांचा आवाज तुपात घोळल्यासारखा झालाय. माशालासुद्धा ते "आरामात, आरामात, आता हळूच वळण घ्या" म्हणतात. सोबत त्यांचा मेहुणा, ज्याचं काम हसणं.

"काय मामा, लव्हाळ्यात काही आहे का?" मास्तर काउंटरवर कोपर टेकून म्हणाले.

"नशिबात असेल तर आहे."

"जुन्या धक्क्याखाली?"

"बघा."

"बांधाजवळ?"

"फळा वाचा की. सुस्त लिहिलंय."

"मग ओढ्याच्या तोंडाशी?"

फ्रीजचं झाकण असं आपटलं की काउंटरवरचे गळ उड्या मारून जागा बदलून बसले.

मामाच्या रागाला पायऱ्या आहेत. लाडात असला की तो 'तू' म्हणतो, धंद्यात 'तुम्ही'. 'आपण' म्हणायला लागला की खुर्च्या उचलून आत ठेवाव्यात.

"ओढ्याच्या तोंडाशी आपलं काय काम आहे? आपल्याला माणसांची पोरं शिकवायला दिली होती ना? मग माशांच्या पोरांवर का उठलात? आपण तिथे होडी घातलीत तर ते वल्हं आपल्याच…" पुढचं वल्ह्याचं काय होणार होतं ते मामीने खोकून बुडवलं.

"ब्रेक, मामा, ब्रेक," मास्तर म्हणाले. "विचारलं फक्त." मेहुणा त्याचं काम करत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून पाहिलं तर ओढ्याच्या तोंडाशी होड्यांची जत्राच. त्यातल्या दोन आमच्याच, भाड्याच्या. मामा उरलेल्या होडीत उडी मारून वल्ही मारायला लागला. मलाही ओढून नेलं, साक्षीदार म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेलेली आणि मनात भाषणाची जुळवाजुळव चाललेली. ओठ हलताना दिसत होते.

वारा नव्हता. असं पाणी निपचित पडलेलं असलं की तळ्याच्या त्या टोकाची कुजबुज या टोकाला येते. मेहुण्याचा आवाज आला, "भावोजी, पण तुम्हाला जागा कळली कशी?"

"सोपं आहे रे. जागा एकेक करून विचारायच्या आणि गप्प बसायचं. मामा भडकतो तिथे मासा." आणि मग मास्तरांनी मामाचा आवाज काढला. "आपलं काय काम आहे? आपल्याला पोरं शिकवायला दिली होती ना?"

नक्कल बरी होती. नाकातलं जमलं नव्हतं, पण 'आपण' अगदी नेमकं.

मामाची वल्ही हवेतच थांबली. पाणी टपटप गळत राहिलं. तोंड उघडं, त्यात अख्खं भाषण तयार, आणि आवाज नाही. समोर मास्तरांनी पट्टेवाल्याला जबड्याला धरून उचललं, हसले, मेहुण्याने फोटो काढला, पुन्हा एक काढला कारण पहिल्यात डोळे मिटले होते. मामा बघत होता खाली, पाण्यात. उथळ होतं, सगळं दिसत होतं. चिल्लर आत घुसली. मग मास्तरांनी मासा सोडला, "आरामात हां," म्हणून. तो सरळ खळग्याकडे गेला आणि त्याभोवती फिरायला लागला, जवळ येईल त्याच्या अंगावर धावत. खळग्यात वाळू होती फक्त.

मामाने होडी वळवली.

दिवसभर तो कुणावरही ओरडला नाही. मामीने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. रात्री जेवताना तिला सगळं कळलं, तशी ती वाटी खाली ठेवून म्हणाली, "अहो, म्हणजे तो मासा आणि तुम्ही एकाच पद्धतीने सापडता."

"तू पण आता…"

"मी पण काय? खरंय ते. अजून कुठले खळगे शाबूत आहेत?"

"आतल्या बाजूचे. वाकलेल्या झाडाखालचे. तिथपर्यंत पोचले नाहीत ते." मामाने ताट सरकवलं. "पोचतील."

"मग दुसऱ्याच जागेवर भडका. बांधाजवळ जाऊ का म्हटलं की आपटा झाकण."

तालीम झाली. मामी मास्तर झाली. मामा उभा राहिला, हात कमरेवर घेतले आणि म्हणाला, "बांधाजवळ जाऊ नका. मला… मला फार राग येतो." शाळेच्या नाटकात झाडाचं काम केलेला मुलगा पहिल्यांदा संवाद मिळाल्यावर जसा बोलेल तसं.

"याला कोण भिणार," मामी म्हणाली. "राहू दे. नुसतं भडकू नका. तेवढं तरी होईल?"

ते होईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मास्तर आले, मेहुणा आला, मेहुण्याचे दोन मित्र आले. मामी कोपऱ्यात रिळावर दोरी गुंडाळत होती.

"काय मामा, लव्हाळ्यात?"

"बघा टाकून."

"ओढ्याच्या तोंडाशी आहे का अजून काही? आतल्या बाजूला?"

मामाचे कान लाल झाले. हात फ्रीजच्या झाकणावर. मास्तर थांबले. मेहुणा मित्रांना कोपर मारत होता, आता बघा म्हणून.

"जा की," मामा म्हणाला. "उथळ आहे, वल्हं जपून."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मोबाईल काढून फोटो मामाच्या नाकासमोर धरला. "हा तिथलाच. काय चावला हो. उपाशी होता बिचारा."

"आ…" मामा म्हणाला. मामीचं रीळ थांबलं. "आ… आता ऊन चढेल. निघायचं तर निघा." आणि त्याने झाकण बंद केलं. इतक्या हळू, की ते झाकण असं बंद होऊ शकतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुसरा हात काउंटरखाली होता. त्यात गांडुळांचा पत्र्याचा डबा होता, तो नंतर चपटा झालेला सापडला.

मास्तर जरा खट्टू झाले. "तिथलं संपलं म्हणायचं," ते मेहुण्याला म्हणाले. तेवढ्यात मामी कोपऱ्यातून मामाकडे झुकून हळूच म्हणाली, पण दारापर्यंत जाईल इतकं हळू, "अहो, बांधाजवळचं तेवढं सांगू नका हां यांना."

मास्तर ऐकलं नाही असं दाखवत बाहेर पडले. चारही जण बांधाकडे. फळ्यावर तेव्हाही स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, बांधाजवळ सुस्त. पण मास्तर आता फळा वाचत नव्हते.

ते नजरेआड झाले तसा मामा मागच्या खोलीत गेला आणि दार लावून रिकाम्या खोक्यांना सुनावायला लागला. आपण कोण, आपली लायकी काय, बिचारा कोणाला म्हणता, बिचारा. एक खोकं फुटलं. मामी रीळ गुंडाळत राहिली. संध्याकाळी मास्तर नाक भाजून परतले आणि म्हणाले, "मामा, तुमच्या तळ्यात काही दम नाही राहिला." मामा "हं," म्हणाला आणि पुन्हा मागच्या खोलीत गेला.

काही दिवसांनी पहाटे तो ओढ्याच्या तोंडाशी गेला. वाकलेल्या झाडाखाली, खळग्यांवर, पाण्यात चहाची पूड सांडल्यासारखे काळे ढग तरंगत होते. पोरं. ढग हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा, आणि बाहेरून बाप फेऱ्या घालत होता, हाडं दिसतील इतका वाळलेला. मामा होडीच्या काठावरून वाकला, मोजायला म्हणून बोट पाण्याजवळ नेलं. बाप कडकडून चावला.

"आपल्याला माणसं ओळखता येत नाहीत का?" मामा ओरडला. सबंध तळ्यावरून आवाज गेला. "आपल्यासाठी इथे कोण जीव जाळतंय, त्याचं बोट…"

"अहो," धक्क्यावरून मामी म्हणाली, "ऐकू जातंय."

मामाने आवाज खाली आणला. बोट तोंडात धरून, ढगाला वल्ह्याचा धक्का लागू नये म्हणून इंचाइंचाने होडी मागे घेत, तो त्या माशाला कितीतरी वेळ कुजबुजत झापत होता.