कुंडीतली माती

मोहफुलं भाजल्याचा वास आला, की मी मनानं चंद्रपुरातल्या त्या चकचकीत बिअरघरात जाऊन बसतो. तिथेच बनवलेली जर्मन पद्धतीची काळी, कडक बिअर पाजायला मी मामांना गडचिरोलीकडच्या त्यांच्या गावाहून आणलं होतं. मोहाची दारू मामी स्वतः काढायची. ती गेल्यापासून मामांनी थेंबही घेतला नव्हता. वेटरनं ग्लास ठेवला. काकवीसारखी काळी बिअर, उजेडाकडे धरली की कडेला लाल. मामांनी वास घेतला आणि डोळे मिटले. "मोहं भाजल्यावानी वास आहे हिले, बाबू," म्हणाले, आणि ग्लास घेऊन उठलेच. पहिले थेंब गेलेल्या माणसासाठी मातीला द्यायचे, ही त्यांची रीत. पण तिथे सगळीकडे फरशी. मामा दारालगतच्या कुंडीपाशी गेले, चपला काढल्या, वाकून बोटांनी थेंब सोडले. "आधी तुले," एवढंच बोलले. गाणी वाजतच होती, पण शेजारच्या टेबलांवरच्या माणसांनी हातातले ग्लास खाली ठेवले. वेटर तर हात जोडूनच उभा राहिला. मग मामा येऊन प्यायले, आणि मीही. करपलेल्या गुळाचा गोडवा, भाकरीचा खरपूस पापुद्रा, आणि मागाहून छातीत पेटत गेलेली शेकोटी. अंगावर काटाच आला. "कोन्या बाईनं केली ही? तिले सांगून जाऊ," मामा म्हणाले. काल मी तिथे एकटाच गेलो. काही मागवायच्या आतच त्या वेटरनं पहिले थेंब द्यायला दारातली कुंडी उचलून माझ्या टेबलाशी आणून ठेवली.