रांगेतला निरोप

झीसिसच्या दोन्ही पायांची बोटं अल्बानियाच्या आघाडीवर, बर्फात गेली. युद्धाआधी तो गवंड्यांच्या टोळीबरोबर मुलुखभर फिरायचा. परतल्यावर मात्र गावातच राहिला. लोकांच्या पडक्या भिंती उभ्या करून द्यायचा आणि रविवारी चर्चमध्ये प्रेषितांच्या पत्रातला उतारा वाचायचा. आवाज भरदार होता, गावात मान होता. त्याच्या तुकडीत गावचा आणखी एक जण होता, आगोरोबाईचा स्तेरयोस. तो परत आला नाही.

स्तेरयोसबद्दल गाव एकच सांगायचं. माघारीचा हुकूम पोचूनही तो खडकामागून हलला नाही. स्वतः मेला आणि सोबतच्या तिघांना घेऊन मेला. त्याचा बाप "आडमुठं पोर, आडमुठं पोर" असं पुटपुटतच वारला.

खरं काय ते एकट्या झीसिसला ठाऊक होतं. त्या दिवशी भर दुपारी हिमवादळ सुटलं होतं. फोनची तार तुटलेली, शिट्टी ऐकू येईना. कॉर्पोरलने हुकूम तोंडातोंडी सोडला, "ओढ्यापर्यंत मागे." एकाने दुसऱ्याला सांगत तो झीसिसपर्यंत आला. त्याच्यापुढे चाळीस पावलांवर तो खडक, मधे नुसता उघडा बर्फ. झीसिस अर्धा उठला. मशीनगन तडतडली. तो आडवा झाला, आणि पडल्यापडल्याच वळून ओढ्याकडे सरपटत राहिला.

ओढ्यात कॉर्पोरलने विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं," झीसिस म्हणाला. कॉर्पोरलने तसंच लिहून पाठवलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. एका शनिवारी पापा-सेराफिम, गावचे धर्मगुरू, दुसऱ्या दिवशीचा उतारा त्याच्याकडून वाचून घेत होते. 'परांगेलो' हा शब्द आला तसा झीसिस हसला.

"पापा, याच शब्दाने मी रोज कॉफी मागवतो."

"मग प्रेषिताला कॉफी हवी होती, असं सांग उद्या सगळ्यांना!" पापाही हसले. मग म्हणाले, "शब्द आज्ञेचाच आहे रे. पण सैन्यातला. सेनापती एकदाच बोलायचा, आणि शेजारच्याने शेजारच्याला सांगत हुकूम रांगेच्या टोकापर्यंत जायचा. त्यातलं 'परा' म्हणजे बाजूला. वरून खाली ओरडणं नाही हे. बाजूच्या माणसासाठी तुझ्या हवाली केलेलं असतं काहीतरी."

"आणि मधल्याने सांगितलंच नाही तर?"

"तर पुढच्यांचा काय दोष?" पापा सहज बोलून गेले आणि मेणबत्त्यांची थोटकं गोळा करू लागले.

रविवारी त्या शब्दापाशी झीसिसचा आवाज अडकला. त्याने ओळ पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच थांबला. लोक खाकरू लागले. शेवटी पापांनी येऊन पुस्तक आपल्याकडे ओढलं. झीसिस टोपी उचलून बाहेर पडला आणि आगोरोच्या पायरीवर जाऊन बसला.

चर्च सुटल्यावर म्हातारी आली. "काय रे, घसा बसला? वर ये, पुदिना उकळून देते."

"नको मावशी. आधी ऐक."

तो उठला आणि उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. म्हातारीने दाराची चौकट धरली.

"म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नाही?"

"नाही."

"तो वाट बघत बसला होता?"

"असेल."

"दरवर्षी चर्चमध्ये वाटायला त्याच्या नावाचे गहू शिजवते मी. आणि ढवळताना म्हणते, मेल्या, एकदा तरी कुणाचं ऐकायचं होतंस. बारा वर्षं पोराला शिव्या घातल्या रे मी! त्याच्या बापाला तर तू खांदा दिलास. तेव्हाही तुझी जीभ उचलली नाही?"

"मावशी, तू म्हणशील ते..."

"मावशी म्हणू नकोस मला. दारोदार जा. माझ्या पोराचं नाव धुऊन आण. आज, जेवायच्या आत."

गावात चव्वेचाळीस उंबरे. झीसिस खुरडत प्रत्येक दारात गेला. कुणी ऐकून घेतलं, कुणी अर्ध्यातच दार लावलं. एकजण म्हणाला, "आमच्या घराची भिंत बांधलीस ना तू? पाडून टाकावीशी वाटते." घरी बायको लांब्रिनी एवढंच म्हणाली, "या पायांना इतकी वर्षं तेल चोळलं मी," आणि आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं.

पुढे पापांनी त्याला दोनदा वाचायला बोलावलं. तो गेला नाही. कॉफीखान्यात त्याच्या टेबलाशी कुणी बसेना, म्हणून तिथे जाणंही सुटलं. आगोरो आणखी सहा वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिच्या माणसांनी त्याला कबरीजवळ येऊ दिलं नाही.

उरलेल्या तिघांच्या घरी त्याने पत्रं लिहिली होती. दोघांकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्याच्या बहिणीचं आलं. तिने दोष दिला नव्हता. एवढंच विचारलं होतं, की तो लगेच गेला का हो, की बराच वेळ पडून होता?

झीसिसने तीन दिवस कागद समोर ठेवला. मग लिहिलं, मला माहीत नाही, मी मागे वळून पाहिलं नाही.