गॅलरीतल्या बाईची सही

निर्मिती संस्थेत त्यांना सगळे सहीकाका म्हणत. मालिकेत ज्याचा चेहरा दिसेल त्याची परवानगीची सही आणायची, हे त्यांचं काम. ऐन उमेदीत त्यांनी रंगभूमीवर दूत, पहारेकरी आणि एकदा चक्क सेनापती केला होता. त्यामुळे कुणाच्याही दारात उभे राहिले की आधी आवाज पोचायचा, मागून माणूस. घरी बायको म्हणायची, "जगाच्या सह्या आणता, आणि बँकेत स्वतःची जुळत नाही."

त्या दिवशी शेवटचा भाग वाहिनीकडे पाच वाजता जायचा होता, आणि दुपारी वकीलबाईंनी तो अडवला. शेवटच्या शॉटमध्ये नायिका बॅग घेऊन रडत गल्लीतून निघून जाते. वर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालतेय. खरीखुरी, त्या इमारतीत राहणारी. तिची सही नव्हती.

"चेहरा पुसट करा, नाहीतर शॉट काढा," वकीलबाई म्हणाल्या.

"मालिकेचा शेवटचा शॉट, आणि वर एक धुकट ठिपका?" दिग्दर्शक चिडला. पोरगा तिशीचाच, पण रागवायला चाळिशीचा. "परत चित्रित करायचं म्हटलं, तर नायिका कालच गावाला गेली."

दोघांनी एकदमच सहीकाकांकडे पाहिलं.

काका तिसरा मजला चढले. गॅलरीतल्या त्या मावशींनी दार उघडलं, खुर्ची दिली, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि परत केला.

"मी काय करताना दिसतेय, ते आधी दाखवा."

"मावशी, प्रक्षेपणाआधी बाहेरच्या माणसाला दाखवायला बंदी आहे."

"म्हणजे मी डोळे मिटून सही करायची?"

बाईंचं म्हणणं रास्त होतं. चित्रफीत दाखवता येत नव्हती. पण जे भर दुपारी मावशींच्याच खिडकीखाली घडलं, ते करून दाखवायला कोणाची हरकत? ते उठले, स्टूल बाजूला सरकवलं, पिशवी उचलली आणि नायिका होऊन स्वयंपाकघराच्या दारापासून पलंगापर्यंत हुंदके देत गेले. मग गर्रकन वळून दोरीवरचा टॉवेल घेतला आणि मावशी झाले. टॉवेल झटकला, वाळत घातला, चिमटा लावला.

मावशी हसत होत्या, त्या थांबल्या.

"आणि मी खाली बघत नाही?"

"शॉटमध्ये तरी नाही."

"अहो, मी बघितलं होतं. हातातलं काम टाकून त्या पोरीला कोपऱ्यापर्यंत बघितलं. मला काय ठाऊक ती खोटी रडतेय ते? माझ्या गॅलरीखालून कुणी रडत गेलं आणि मी चिमटे लावत बसले, असं गावभर दाखवणार? मग नाही करत सही."

काका जवळजवळ पळतच ऑफिसात आले. "शॉट जिथे कापलाय, त्याच्या पुढचं लावा."

दिग्दर्शकाने कुरकुरत लावलं. चिमटा लावून झाल्यावर, अवघे तीन सेकंद, मावशींचा हात दोरीवर थांबला होता आणि मान खाली वळली होती.

"लक्ष नायिकेवरून उडतं म्हणून कापलं होतं," दिग्दर्शक म्हणाला. "आता माझं संकलन गॅलरीतल्या मावश्या करणार?"

"त्यांनी नाही केलं तर मी करणार," वकीलबाई म्हणाल्या. "आणि मला फक्त कापता येतं."

त्याने ते तीन सेकंद जोडून पाहिले. परत पाहिले. तिसऱ्या वेळी तो खुर्चीत मागे रेलला. "मघाशी ती नुसती जात होती," तो हळूच म्हणाला. "आता तिला कुणीतरी जाताना बघतंय. राहू दे."

वकीलबाईंनी छापील अर्जाच्या खाली पेनाने ओळ घातली: "बाई खाली बघतात तो भाग कापला जाणार नाही." शेजारी दिग्दर्शकाची सही घेतली. अशी अट आजवरच्या नोकरीत त्यांनी कधी लिहिली नव्हती.

पाचला वीस मिनिटं कमी असताना काका पुन्हा तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. मावशींनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"किती वेळ दिसणार मी बघताना?"

"तीन सेकंद."

"पाच नाही का होणार?"

"मावशी, तीन मिळवतानाच घाम फुटलाय."

त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखी वळणदार सही केली. काकांनी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला, "झाली," एवढंच म्हटलं आणि प्रथमच खुर्चीत टेकून बसले.

"आता एक सांगा," मावशी पाण्याचा पेला पुढे करत म्हणाल्या, "ती पोरगी जाते कुठे?"

"ते सांगता येणार नाही. माझीही सही घेतलीय त्यांनी."

"वाचून केली होती?"

काकांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाली ठेवला नाही.