गिरणीवाल्या मामांची साक्ष

आमच्या नव्या गाडीचं इंजीन मुळातच बिघडलेलं आलं होतं, हे भांडगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त पुण्याच्या ग्राहक मंचाला ते अजून पटायचं होतं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कांदा विकून गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात केडगावच्या अलीकडे ती तापली, उचक्या देत थांबली आणि पुढे तिला तीच सवय जडली. विक्रेत्याचं म्हणणं एकच, "तुम्हाला चालवता येत नाही." आप्पांना गाडीपेक्षा ह्या वाक्याचा राग. (चालवत मी होतो, त्यामुळे मला दोन्हींचा!) "इंजीन बदलून घेईन, तवाच गप बशीन," म्हणत त्यांनी दावा ठोकला. मंचानं गाडी तपासायला एक तज्ज्ञ नेमले. त्यांच्या अहवालावर सगळं अवलंबून, असं वकिलांनी बजावलं.

त्याच हिवाळ्यात घरात माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं. मुलीकडचे लोक थेट घरी येत नाहीत. गावच्या तोंडाशी कुणाला तरी गाठून आधी चौकशी करतात. आमच्याकडे तो मान पिठाच्या गिरणीवाल्या मामांचा. म्हणून मी त्यांना चहा पाजून ठेवला होता.

"मामा, कुणी परकं माणूस आमची चौकशी करत आलं, तर चांगलंच सांगा बरं का."

"ते सांगाया लागतंय व्हय?" मामा म्हणाले.

तज्ज्ञसाहेबही गिरणीवरच थांबले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग आणि विचारणं काय, तर "आप्पांची गाडी कशी आहे हो?" मामांनी गिरणी बंद केली. (दळण अर्धं सोडून!)

"गाडी? वाघ हाय साहेब. कवा बंद पडली न्हाई. परवा सोलापूरला जाऊन आली, पाण्याचा थेंब मागितला न्हाई."

दळणाला आलेल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांनी आदल्याच दिवशी गाडीला धक्का मारला होता.

साहेब हसतच घरी आले. त्यांनी गाडी काढली आणि सकाळच्या गारठ्यात ती नालायक केडगावला जाऊन साधं न शिंकता परत आली!

"साहेब, ती उन्हात तापती हो," मी काकुळतीला आलो.

"शेजारी तर वेगळंच सांगतात," ते म्हणाले.

दावा फेटाळला गेला. मामांना मीच पढवून ठेवलं होतं हे कळताच आप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मीठ हवं असलं तरी आईकरवी मागायचे. मी तडक गिरणीवर गेलो.

"मामा, हात जोडतो. इथून पुढं कुणीही येऊ दे, जे हाय ते खरं सांगा."

"मला वाटलं पावणं हायेत," मामा खजील झाले. "आता खरं म्हंजी खरंच सांगतो."

थोड्याच दिवसांत शिरूरकडचे पाहुणे आले, अर्थातच गिरणीवर थांबून. मुलीचे वडील, दादा, आमच्या ओट्यावर टेकताच म्हणाले, "गावोगाव हिंडलो आप्पा. जावं तिथं पोरगं सोनं आन् गाडी विमान. हितं पयल्यांदा कोन तरी खरं बोललं. आशा गावात पोरगी द्यायला भ्या न्हाई."

लग्न ठरलं. आप्पा पुन्हा माझ्याशी बोलू लागले. वरातीत गाडी वेशीतच बंद पडली, तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं पहिला धक्का मारला.

त्या दिवशी मामांनी गाडीची नेमकी काय अब्रू काढली असेल, ह्याचं मला फार कुतूहल. बायको वर्षानुवर्षं विषय टाळायची. परवा एकदाची बोलली.

"मामा दादांना म्हणाले, 'खरं सांगू का पावणं, गाडी काय धड न्हाई. पर पोराच्या मानानं लई बरी हाय.'"