त्रिशलाची निळी चाळणी

१९९९ साली त्रिशला मगदूम सांगलीत माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात वायूंसाठी चाळणी बनवायची. तांब्याचा क्षार आणि एक आम्ल स्पिरिटमध्ये मिसळून ती निळे स्फटिक वाढवी. त्यांच्या आत डोळ्यांना न दिसणारी भोकं असत. त्यांतून क्रिप्टॉन वायू निसटावा आणि मोठ्या अणूंचा झेनॉन वायू आत रेंगाळावा, एवढंच तिला हवं होतं. दोघेही कुणाशी सहसा न मिसळणारे.

"म्हणजे मांडवातले रुसलेले पाहुणे," मी म्हणाले.

"काकू, अगदी तस्सेच!" ती टाळी वाजवून हसली.

अडचण एकच. गाळून कागदावर सुकवले की स्फटिक पांढुरके होत आणि त्यांचं पीठ होई. तिच्या पीएच.डी.च्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, सोमवारी धड नमुना आणा, नाहीतर विषय बदला.

शनिवारी शेवटचे स्फटिक गाळून ती परीक्षेच्या कामाला गेली. घरी तिची आई, आक्का, दुधगावहून आलेली. जैन घरात पाणी गाळल्यावर गाळण्यातलं काही फेकत नाहीत. गाळणं उलटं करून, गाळलेल्याच पाण्याने धुऊन, ते आलं तिथे परत सोडतात, कारण त्यात जीव असतात. आक्कांनी तेच केलं.

"आक्का! कागदावरचं कुठं गेलं?" संध्याकाळी परतलेली त्रिशला ओरडली.

"बरणीत, त्याच्याच पाण्यात सोडलं की! तू बरं तसंच वाळत टाकलंस. मरतील न्हवं?"

"अगं, त्यात जीव न्हाईत!"

"आतली भोकं तरी दिसत्यात व्हय तुला?"

मला हसू आवरेना. त्रिशला मात्र डोकं धरून पायरीवर बसली.

सकाळी बरणी उचलली तर स्फटिक खडीसाखरेसारखे लखलखीत, गडद निळे! "काकू, उघड्यावर वाळवायचेच नव्हते!" एका पायात चप्पल घालून तिने अंगणाला फेरी मारली. बरणी मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला गेली. तिथे भोकांतला द्रव हळूहळू सहज उडणाऱ्या द्रवाने बदलून मग पंपाने ओढून काढला.

गुरुवारी माझ्या फोनवर नुसती किंकाळी. "क्रिप्टॉन आधी बाहेर आला! झेनॉन आत थांबला!"

आक्कांनी फोन हिसकावला. "त्या अडकलेल्याला सोडणार हाईस का न्हाई?"

"तापवलं की सुटतोय गं!"

"मग लवकर सोड," आक्का म्हणाल्या, आणि हसत हसत मलाच मिठी मारली.