उभ्या गाडीचं पेट्रोल

बाबांची गाडी खराब होऊ नये म्हणून मी जे केलं, ते केमिस्ट्रीच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. आधी हे सांगून टाकते, कारण चूक माझी आहे आणि ती कबूल करताना माझी जीभ जड होते. उभा जन्म कॉलेजात पोरांच्या चुका काढण्यात गेला की आपलं चुकलं म्हणायची सवयच राहत नाही.

शहर एकच, पण बाबा जुन्या वस्तीत, माधवगंजात एकटे राहायचे आणि मी सिटी सेंटरला. वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस. आई गेल्यावर त्यांचा सगळा जीव त्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या पांढऱ्या गाडीत. पुढं डोळ्यांत काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

"अगं, पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल घालतात. ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्या गाडीच्या रबरी नळ्या पडल्या जुन्या, उभ्या गाडीत त्या फुगतात नि फुटतात. तू दर रविवारी येऊन तिला एक चक्कर मारून आण. मी बसेन शेजारी."

म्हणणं काही खोटं नव्हतं. इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर खातं, हे मी वर्गात शिकवत होते. म्हणून जायला लागले.

नऊ वाजता पोचावं तर हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली हातात घेऊन फाटकाशी उभा. उशीर झाला की म्हणायचे, "भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? न फिरवल्यानं! गाडीचंही तेच." आमचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडं उत्तरेत, त्यांच्या राजधानीत आले, त्यामुळं घोड्याचा विषय निघाला की बाबा थांबायचेच नाहीत.

पंपावर आमचं भांडण ठरलेलं. त्यांना महागातलं, जास्त ऑक्टेनवालं पेट्रोल हवं असायचं. "ताकद येते इंजिनाला."

"बाबा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे हो! पेट्रोल वेळेआधी भडकू नये, एवढंच त्याचं काम. या म्हातारीच्या इंजिनात दाबच कमी, तिला ते घालणं म्हणजे बोळक्या तोंडाला चणे."

"असू दे. तिलाही कधी चणे खावेसे वाटत असतील."

पंपावरचा माणूस नळी धरून तसाच उभा, मागे हॉर्न वाजतायत, आणि आम्ही दोघं ऑक्टेनवर वाद घालतोय. शेवटी ते त्यांचंच खरं करत.

मग पाटणकर बाजारातून कचोरी घ्यायची, झाशी रोडला लागायचं, थोडं पुढं जाऊन वळायचं. वाटेत ते इंजिन ऐकायचे आणि माझं मराठी दुरुस्त करायचे. मी म्हणाले, "आज मौसम किती छान आहे," की लगेच, "हवा म्हण, हवा." मला वैताग यायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी असं टोकतं का?

साधारण वर्षभर हे चाललं. मग कॉलेजात तपासणीची धांदल सुरू झाली, पेपरांचे गठ्ठे घरी येऊ लागले, आणि रविवार मला डोईजड व्हायला लागला. एका शनिवारी मी स्पेअर पार्टच्या दुकानातून पेट्रोलमध्ये मिसळायच्या औषधाची बाटली आणली. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तरी पेट्रोल टिकतं, असं तिच्यावर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, कारण भरल्या टाकीत हवा कमी आणि हवा कमी तर पाणीही कमी. बाटली ओतली. नळ्यांचं नंतर बघू, असं मनाशी म्हटलं. आणि ओट्यावर बसून बाबांना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकृती काढून सगळं समजावलं, चांगला अर्धा तास.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे आता दर रविवारी चालवायला नको?"

"मुळीच नको! सहा महिने बघायला नको."

"बरं झालं," ते म्हणाले. "शास्त्र किती पुढं गेलंय." आणि कचोरीचा कागद नीट घडी करत बसले. मला अगदी सुटल्यासारखं झालं. खरं सांगते, आनंद झाला मला.

त्यानंतर रविवारचा नुसता फोन. जेवलात का, औषध घेतलंत का, गाडी कशी आहे. "मजेत आहे," म्हणायचे. सणावारी मी जाऊन यायचे, तेही घाईघाईत.

थंडीत ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तेव्हापासून पलंगावरच आहेत. कामाला बाई ठेवली. आता गाडी कोण चालवणार, विकून टाकू, असं ठरवून मी परवा त्यांच्या गल्लीतल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. इतके महिने उभी गाडी, नळ्यांचा चिखल झाला असणार, असं मी धरूनच चालले होते.

त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी हात लावून बघितली, म्हणाला, "गाड़ी तो एकदम बढ़िया है, मैडम."

"और पाइप?"

"पाइप तो नए हैं. ये पेट्रोल आया तभी बाबूजी ने सब बदलवा लिए थे. पाइप, वॉशर, पंप के अंदर का रबर का पर्दा. गिरने तक खुद यहीं खड़े-खड़े स्टार्ट भी कर लेते थे."

मी उडालेच. "मुझे क्यों नहीं बताया?"

तो जरा घुटमळला. "उन्होंने मना किया था. बोले, बिटिया को पता चल गया तो इतवार को आएगी नहीं."

मला तिथंच रडू फुटलं. मिस्त्री बिचारा घाबरून पाणी आणायला धावला. इतकं शिकून मी काय केलं? म्हाताऱ्याला आकृती काढून दाखवली. त्यांनी नळ्यांचं सांगितलं असतं तर मी खरंच गेले नसते, हे मला मान्य आहे, आणि तेच सोसवत नाही.

डोळे पुसून आत गेले. बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "काय म्हणतो मिस्त्री? उभी राहून खराब झाली असेल ना?"

"हो बाबा," मी म्हणाले. "फार खराब झालीय. माझं औषध काही कामाचं नव्हतं. आता दर रविवारी यावं लागेल मला."

त्यांचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा. मग त्यांनी पांघरुणावरून पाय चाचपला.

"ये हो," ते म्हणाले. "पण मला आता गाडीत बसवत नाही गं. तू एकटीच चक्कर मारून घरी जात जा."